घानाची लोकसंख्या नेमकी कशामुळे वाढली, हे आकड्यांवरून स्वतः कसं काढायचं

पुण्यात एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या किंवा भूगोल, अर्थशास्त्र घेऊन एमए करणाऱ्या कुणालाही विचारा की पश्चिम आफ्रिकेतली लोकसंख्या एवढी का वाढते, बहुतेक जण एका दमात सांगतील की तिकडे मुलं जास्त होतात म्हणून. हे उत्तर चुकीचं नाहीये पण अर्धं आहे, आणि जे अर्धं राहून जातं तेच जास्त मोठं आहे. मुलं तर आधीही तेवढीच व्हायची, किंबहुना जास्तच व्हायची, मग लोकसंख्या तेव्हा एवढी का नाही वाढली? कारण तेव्हा ती जगत नव्हती. हे एकदा आकड्यांत स्वतःच्या हाताने काढून बघितलं की परत कधी विसरायला होत नाही, म्हणून ते कसं काढायचं हे सविस्तर लिहितोय. एक मोबाइल, एक वही आणि एक निवांत संध्याकाळ एवढं पुरतं, गणित दहावीच्या पुढचं फारसं नाही.

देश घानाच घ्या. नायजेरिया सगळ्यात मोठा म्हणून मोह होतो पण तिथली शेवटची जनगणना २००६ ची, त्यानंतर झालेलीच नाही, आणि १९६२-६३ पासून तिथे जनगणनेच्या आकड्यांवरून राज्याराज्यांत भांडणं आहेत कारण डोकी जास्त दाखवली की पैसा आणि जागा जास्त मिळतात. शिकायला सुरुवात करताना असला डेटा घेऊ नये. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्यानंतर सहा जनगणना झाल्या, अंतरं कमीजास्त आहेत पण रांग सलग लागते. शिवाय १९८८ पासून तिथे बायकांच्या मुलाखती घेऊन केलेले मोठे आरोग्य सर्व्हे आहेत, आपल्या एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेच्या) घराण्यातलेच, त्यामुळे जन्म आणि मृत्यू दोन्ही बाजू नीट दिसतात.

आधी पाया पक्का करून घेऊ. कुठल्याही ठिकाणची लोकसंख्या चारच गोष्टींनी बदलते, जन्म, मृत्यू, बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे. नैसर्गिक वाढ म्हणजे यातल्या फक्त पहिल्या दोन. जननदर वजा मृत्युदर, बस. दोन्ही दर हजार लोकांमागे देतात म्हणून उत्तरही हजारी येतं, टक्के हवे असतील तर दहाने भागायचं. उदाहरणार्थ भारताचा एसआरएसचा, म्हणजे सरकारच्या नमुना नोंदणीचा, २०२० चा जननदर १९.५ आणि मृत्युदर ६.०, फरक १३.५, म्हणजे वर्षाला १.३५ टक्के नैसर्गिक वाढ.

आता हे स्थलांतर वेगळं का काढायचं ते आपल्या पुणे जिल्ह्यावरूनच बघा. २००१ ला जिल्ह्याची लोकसंख्या ७२ लाख ३२ हजार होती, २०११ ला ९४ लाख २९ हजार. वर्षाला साधारण २.६५ टक्के वाढ झाली. हा वेग घानाच्या सगळ्यात जोरात वाढलेल्या काळाच्या जवळपास बरोबरीचा आहे, पुढे आकडा येईलच. पण म्हणून पुण्यातल्या बायकांना घानातल्या बायकांएवढी मुलं होत होती का? अजिबात नाही. त्या दहा वर्षांत महाराष्ट्राची नैसर्गिक वाढ एक-सव्वा टक्क्याच्या आसपास होती, बाकीची सगळी हिंजवडी, चाकण, पिंपरी-चिंचवड, शिक्षणासाठी आलेली मुलं, मराठवाड्यातून बिगारी कामाला आलेली कुटुंबं, यूपी-बिहारचे कामगार. एकूण वाढ बघून जन्माबद्दल बोलणं किती फसवं असतं हे इथेच कळतं, आणि आपण आफ्रिकेबद्दल नेमकं तेच करत असतो.

आता घानाच्या जनगणनेचे आकडे वहीत उतरवून घ्या, मी गोल केलेत:

१९६०: ६७ लाख २७ हजार
१९७०: ८५ लाख ५९ हजार
१९८४: १ कोटी २२ लाख ९६ हजार
२०००: १ कोटी ८९ लाख १२ हजार
२०१०: २ कोटी ४६ लाख ५९ हजार
२०२१: ३ कोटी ८ लाख ३२ हजार

यातून वार्षिक वाढीचा दर काढायचा. इथे बरेच जण सरळ टक्केवारी काढून वर्षांनी भागतात आणि तिथेच गाडी चुकते. २०१० ते २०२१ बघा, २५ टक्के वाढ झाली, आणि दोन जनगणनांमधलं अंतर पावणेअकरा वर्षं, कारण २०१० ची सप्टेंबरच्या शेवटी झाली आणि २०२१ ची जूनच्या शेवटी (ती खरं तर २०२० मध्ये व्हायची होती पण कोविडमुळे पुढे गेली). २५ भागिले १०.७५ केलं तर २.३ येतं, जे जास्त आहे, कारण दरवर्षी वाढलेल्या लोकांमध्ये पुढच्या वर्षीची वाढ होत जाते, चक्रवाढ व्याजासारखं. बरोबर पद्धत अशी की नंतरचा आकडा आधीच्या आकड्याने भागायचा, १.२५ येतात, मग मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा करायचा म्हणजे सायंटिफिक बटनं दिसायला लागतात, त्यातलं एलएनचं बटन वापरून १.२५ चा लॉग काढायचा, ०.२२३ येतो, आणि त्याला १०.७५ ने भागायचं. ०.०२०८, म्हणजे २.१ टक्के. घानाचं सांख्यिकी खातं अधिकृत दर हाच देतं, त्यामुळे आपली पद्धत बरोबर आहे याची खात्री पण होते. एक्सेलमध्ये करणार असाल तर एलएन याच नावाचं फंक्शन आहे.

बाकीचे टप्पे पण असेच काढा, १९६० ते ७० ला २.४ येईल, १९७० ते ८४ ला २.६, १९८४ ते २००० ला २.७, २००० ते २०१० ला (अंतर साडेदहा वर्षं धरून) २.५. पुणे जिल्ह्याचा २.६५ यात कुठे बसतो तेही बघून घ्या.

आता या पाच आकड्यांकडे नुसतं बघून कुणी म्हणेल की घानात २००० पर्यंत जन्म वाढत गेले आणि मग कमी झाले. थांबा. अजून स्थलांतर बाजूला काढलेलं नाहीये आणि जन्म-मृत्यू वेगळे केलेले नाहीयेत.

स्थलांतरासाठी घानाच्या इतिहासातल्या दोन तारखा माहीत हव्यातच. पहिली नोव्हेंबर १९६९. पंतप्रधान बुसिया यांच्या सरकारने आदेश काढला की ज्या परदेशी लोकांकडे राहण्याचा परवाना नाही त्यांनी दोन आठवड्यांत तो घ्यावा नाहीतर देश सोडावा. नायजेरियातले योरुबा व्यापारी, टोगो, नायजर, आजच्या बुर्किना फासोतले मजूर, लाखांनी लोक गेले, त्यातले कित्येक पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेले होते. आणि जनगणना झाली मार्च १९७० मध्ये, म्हणजे घरं रिकामी झाल्यावर लगेचच. म्हणून १९६०-७० चा २.४ हा नैसर्गिक वाढीपेक्षा कमी दिसतो. त्यावरून तेव्हा जन्म कमी होते असं काढलंत तर ते साफ चुकेल.

दुसरी तारीख जानेवारी १९८३. या वेळी उलटं झालं. सत्तरच्या दशकात नायजेरियात तेलाचा पैसा आला तेव्हा घानातले शिक्षक, गवंडी, मजूर असे खूप लोक तिकडे गेले होते, आणि तेलाचे भाव पडल्यावर नायजेरियाने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना बाहेर काढलं. दहा लाखांच्या आसपास घानावासी काही आठवड्यांत परत आले, तेही अशा वर्षी जेव्हा घानात दुष्काळ होता आणि रानात वणवे पेटलेले होते. स्वारगेटला गावी जाणाऱ्यांच्या सामानात जी निळ्या-लाल चौकड्यांची चेनवाली मोठी प्लॅस्टिकची बॅग दिसते ना, तसल्याच बॅगांत संसार भरून लोक निघाले, आणि त्या बॅगेला नायजेरियात आजही घाना मस्ट गो म्हणतात. आता हिशोबाच्या दृष्टीने यात महत्त्वाचं काय, तर पुढची जनगणना मार्च १९८४ ची. म्हणजे १९७० ते ८४ या टप्प्यात त्यातल्या बऱ्याच लोकांचं जाणं पण आलं आणि परत येणं पण आलं, दोन्ही बऱ्यापैकी एकमेकांना खाऊन टाकतात. त्यामुळे हा २.६ चा आकडा नैसर्गिक वाढीसाठी १९६०-७० पेक्षा जास्त भरवशाचा आहे. ज्यांना परीक्षेत घानाचा ग्राफ काढायचाय त्यांनी या दोन ठिकाणी ग्राफवर छोटी खूण करून कारण लिहावं, तपासणाऱ्याला लगेच कळतं की पोराने नुसतं पाठ केलेलं नाहीये.

यानंतरचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं. जननदर आणि मृत्युदर वेगवेगळ्या रेषांनी काढायचे. संयुक्त राष्ट्रांचे अंदाज वर्ल्ड बँकेच्या डेटा साइटवर फुकट मिळतात, देश निवडायचा आणि क्रूड बर्थ रेट, क्रूड डेथ रेट असं शोधायचं, डाउनलोड होतं. साधारण असं चित्र येतं: १९६० ला हजारी ४७ च्या आसपास जन्म आणि १९ च्या आसपास मृत्यू, १९८० ला ४३ आणि १४, २००० ला ३४ आणि ११ च्या खालीवर, २०२० ला २८ आणि साडेसात. शेजारी वजाबाकी लिहा, २८, २९, साधारण २३, साधारण २०.

आता १९६० आणि १९८० या दोन ओळींवर बोट ठेवा आणि जरा वेळ तिथेच थांबा. वीस वर्षांत जननदर चारने कमी झाला. तरीही नैसर्गिक वाढ कमी झाली नाही, थोडी वाढलीच, कारण मृत्युदर पाचने कमी झाला. म्हणजे ज्या काळात सगळं जग म्हणत होतं की आफ्रिकेत मुलांचा स्फोट झालाय त्या काळात घानात हजारी जन्म कमी होत होते. वाढ झाली ती लसी आल्या, मलेरियाचे उपचार आले, दवाखाने निघाले, प्यायचं पाणी जरा बरं झालं यातून. या एका वजाबाकीसाठी बाकीचा सगळा खटाटोप आहे असं मी म्हणेन.

आणि हे आपल्याला नवीन वाटायला नको खरं तर. १९२१ हे महाविभाजक वर्ष म्हणून आपण सगळे पाठ करतो, १९११ ते २१ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीने भारताची लोकसंख्या कमी झाली आणि त्यानंतर प्रत्येक जनगणनेत वाढतच गेली, तेव्हा काय १९२१ नंतर अचानक भारतीय बायकांना जास्त मुलं व्हायला लागली होती का? मृत्यू कमी होत गेले. १९६१ ते ७१ मध्ये आपला वेग वर्षाला २.२ टक्के होता, म्हणजे घाना आज जिथे आहे त्याच्या किंचित वरच. उत्तरात भारताशी तुलना करायची असेल तर ही करा, आजच्या महाराष्ट्राशी करू नका, कारण आजच्या महाराष्ट्राशी केली की घाना उगाचच मागास दिसतो आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

हजारी दरांवर मात्र पूर्ण विसंबू नका, विशेषतः मृत्युदरावर. घानाचा मृत्युदर साडेसात आणि जपानचा बाराच्या वर आहे, मग काय जपानमध्ये आरोग्यसेवा वाईट आहे? नाही ना. जपानमध्ये म्हातारी माणसं खूप, घानात तरुण खूप, आणि तरुण माणसं कुठेही कमीच मरतात. हजारी दर हा वयाचा खेळ असतो. म्हणून मृत्यूच्या बाजूला पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर बघायचा आणि जन्माच्या बाजूला एकूण प्रजनन दर, म्हणजे आजचीच परिस्थिती कायम राहिली तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील तो आकडा.

हे दोन्ही घानाच्या सर्व्हेत मिळतात. १९८८ मध्ये एकूण प्रजनन दर ६.४ होता आणि हजार जन्मांमागे १५५ मुलं पाच वर्षांची होण्याआधी जायची. साधारण साडेसहा बाळांमागे एक. सहा मुलं होणाऱ्या बाईच्या वाट्याला तेव्हा सरासरी जवळपास एक बाळ जाणं येत होतं, आणि हे जिला माहितीये ती दोनवर थांबेल अशी अपेक्षा कुणी कशी करायची? २०२२ च्या सर्व्हेत तोच आकडा ४० वर आलाय, पंचवीस बाळांमागे एक. आणि प्रजनन दर ३.९. आधी बाळं जगायला लागली आणि मग, एक पिढी उशिराने, घरं लहान व्हायला लागली. क्रम हाच असतो, आपल्याकडेही हाच होता, भारताचा प्रजनन दर १९९० च्या सुमारास पावणेचारच्या आसपास होता.

प्रजनन दराची मधली पायरी पण बघा कारण ती सरळ उतरत नाही. १९९८ ला ४.४, २००३ ला परत ४.४, २००८ ला ४.०, २०१४ ला उलट ४.२, मग २०२२ ला ३.९. सुरुवातीला भराभर खाली आला आणि मग चौथ्या मुलापाशी अडकून बसल्यासारखा झाला. का अडकला यावर अभ्यासकांत वाद आहेत. काही गोष्टी मात्र स्पष्ट दिसतात, राजधानी अक्राचा भाग म्हणजे ग्रेटर अक्रा तिथे दर तीनच्या आसपास आलाय आणि ईशान्येच्या कोरड्या भागात अजून सहाच्या वर आहे, म्हणजे देशाचा एक आकडा म्हणजे दोन वेगळ्या देशांची सरासरी म्हटलं तरी चालेल. दुसरं म्हणजे आधुनिक गर्भनिरोधक वापरणाऱ्या विवाहित बायकांचं प्रमाण २०२२ मध्ये सुद्धा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच होतं. एवढ्या कमी वापरात प्रजनन दर चारच्या खाली कसा, हे कोडं घानाच्या बाबतीत खूप चर्चेत आहे, त्यात उशिरा होणारी लग्नं, कामासाठी लांब राहणारे नवरे, बाळंतपणानंतर बरेच महिने लांब राहण्याची रीत, अंगावर दूध पाजण्याचा मोठा काळ आणि गर्भपात हे सगळं धरावं लागतं. १९८५ पासून घानाचा गर्भपाताचा कायदा शेजारच्या देशांच्या मानाने बराच सैल आहे. उत्तरात नुसतं कुटुंबनियोजनाचा अभाव एवढं लिहून मोकळे होऊ नका, हे पण लिहा.

हे आकडे येतात कसे ते माहीत असलं की वापरताना हात आपोआप सावध होतो. घानात सगळ्या जन्मांची नोंद होत नाही, मृत्यूंची तर त्याहून कमी, त्यामुळे सर्व्हेवाली बाई घरी येते, बसते, आणि आईला एकेका बाळाचं विचारत जाते: नाव काय, मुलगा की मुलगी, कुठल्या महिन्यात कुठल्या वर्षी झालं, आहे का, नसेल तर किती दिवसांचं होऊन गेलं. आणि जे बाळ कुठल्याशा वर्षानंतर जन्मलेलं आहे त्याच्याबद्दल लसी, जुलाब, वजन, दूध अशी आणखी पानंच्या पानं प्रश्न असतात. मग काही वेळा काय होतं की दमलेली मुलाखत घेणारी बाई त्या बाळाचं जन्मवर्ष एक वर्ष मागे सरकवते म्हणजे ती पानं वाचतात. असं बऱ्याच देशांच्या सर्व्हेत सापडलंय. परिणाम असा की अलीकडचे जन्म थोडे कमी दिसतात आणि प्रजनन दर आहे त्यापेक्षा जास्त पडल्यासारखा वाटतो. म्हणून ४.४ चा ४.२ झाला की लगेच बातमी करायची नाही, दोन-तीन सर्व्हे एका दिशेने जाताहेत का ते बघायचं. वयाचंही तसंच, जन्मतारीख माहीत नसलेला माणूस ४० किंवा ४५ सांगतो, ४३ कुणी सांगत नाही, आपल्या आजी-आजोबांच्या रेशनकार्डावर वयं बघा म्हणजे पटेल. त्यामुळे वयोगटांचा पिरॅमिड काढताना एकेका वर्षाचा न काढता पाच-पाच वर्षांचे गट घ्या.

जिल्हा-प्रांत पातळीवर उतरणार असाल तर आणखी एक काळजी घ्या, २०१८ च्या शेवटी घानात सार्वमत झालं आणि २०१९ पासून १० प्रांतांचे १६ प्रांत झाले. २०१० चा नॉर्दर्न आणि २०२१ चा नॉर्दर्न हा एकच तुकडा नाही, त्यातून सव्हाना आणि नॉर्थ ईस्ट वेगळे निघालेत. २०११ चं ठाणे आणि पालघर वेगळं झाल्यानंतरचं ठाणे शेजारी ठेवून वाढ काढली तर जसं होईल तसंच ते होईल.

आता एक प्रश्न हमखास येतो की टक्का तर कमी झालाय मग लोकसंख्या एवढी का वाढतेय. हे पण हातानेच काढा. १९६० ला ६७ लाख लोकांत हजारी ४७ म्हणजे वर्षाला सव्वातीन लाखांच्या आत जन्म, हजारी १९ म्हणजे सव्वा लाखाच्या वर मृत्यू, भर पडली साधारण १ लाख ९० हजारांची. २०२१ ला ३ कोटी ८ लाखांत हजारी २८ म्हणजे साडेआठ लाखांच्या वर जन्म, साडेसात म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर मृत्यू, भर सहा लाखांच्या वर. टक्का २.८ वरून २ वर आला आणि दरवर्षी वाढणारी माणसं तिप्पट झाली. शिवाय २०२१ च्या जनगणनेत १५ वर्षांखालची मुलं ३५ टक्के, म्हणजे एक कोटीच्या वर, आणि निम्मा देश २१ वर्षांच्या आतला. या सगळ्या मुलामुलींची लग्नं अजून व्हायचीत. उद्यापासून प्रत्येकीने दोनच मुलं जन्माला घातली तरी आयाच एवढ्या असतील की जन्मांचा आकडा बरीच वर्षं मोठा राहणार. याला पॉप्युलेशन मोमेंटम म्हणतात आणि त्यावर दोन मार्क असतातच.

धोरणाचा भाग बऱ्याच नोट्समध्ये एका ओळीत उरकलेला असतो, तो तसा उरकू नका कारण घानाकडे सांगण्यासारखं खूप आहे. १९६९ मध्येच घानाने अधिकृत लोकसंख्या धोरण आणलं, आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असं करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या देशांपैकी तो एक. कागदावर चांगलं होतं पण गावात पोचलं नाही. खरा फरक दिसला तो १९९४ नंतर उत्तरेच्या नवरोंगो भागात, कासेना-नानकाना जिल्ह्यात. तिथे प्रयोग असा केला की आरोग्य केंद्रात बसलेल्या नर्सला उचलून गावात राहायलाच पाठवलं, तिला मोटरसायकल दिली आणि ती वस्तीवस्तीवर घरोघर जायला लागली, तापाची गोळी, लस, बाळाचं वजन आणि त्याच फेरीत कुटुंबनियोजनाचं साहित्य. पण नुसत्या नर्सने काम भागलं नाही. तिथे नवऱ्याला आणि सासरच्यांना न विचारता बाईने काही वापरलं आणि ते कळलं तर घरात मोठा तमाशा व्हायचा, म्हणून गावच्या मुखियाला हाताशी धरून सगळ्या गावाची सभा बोलवायची, ढोल वाजायचे, पुरुष समोर बसायचे आणि त्यांच्यासमोर उघड उघड बोलणं व्हायचं. जिथे नर्स आणि गावची सभा दोन्ही एकत्र होतं तिथे पहिल्या काही वर्षांतच प्रजनन दर जवळपास एका मुलाने कमी झाला, आणि बालमृत्यूही कमी झाले. पुढे हाच प्रकार सीएचपीएस नावाने देशभर नेला. आपल्याकडे जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका केलं होतं, त्या कामाची आठवण येते, आणि उत्तरात दोन्ही शेजारी लिहिलंत तर फार छान दिसेल.

पुण्यात राहून यावर आणखी खोलात जायचं असेल तर बीएमसीसी रोडवर गोखले इन्स्टिट्यूट आहे, तिथे लोकसंख्या संशोधन केंद्र आहे, आणि लायब्ररी तर आहेच, आत वाचायला बसायची परवानगी कशी मिळते ते आधी विचारून जा. घानाच्या जनगणनेचे रिपोर्ट त्यांच्या सांख्यिकी खात्याच्या साइटवर पीडीएफमध्ये आहेत. आरोग्य सर्व्हेंचा जागतिक कार्यक्रम अमेरिकेच्या पैशावर चालायचा, २०२५ च्या सुरुवातीला तो पैसा बंद झाला, त्यामुळे लागणारे जुने रिपोर्ट आत्ताच उतरवून ठेवा हे मी प्रत्येकाला सांगतो.

उतरवताना कुठला आकडा कुठून घेतला ते प्रत्येक आकड्यापुढे लिहा, कारण २०२१ साठी घानाची जनगणना ३ कोटी ८ लाख सांगते आणि त्याच वर्षासाठी संयुक्त राष्ट्रांचा अंदाज सव्वातीन कोटींच्या आसपास आहे. वर्ल्ड बँकेच्या साइटवर दिसतो तो संयुक्त राष्ट्रांचा. २०१० चा आकडा जनगणनेतून आणि २०२१ चा वर्ल्ड बँकेतून उचललात तर वाढीचा दर २.१ ऐवजी २.५ च्या वर येईल, आणि तुम्ही बसाल कारणं शोधत की घानात वाढ कमी का होत नाहीये. लोकसंख्या जनगणनेचीच धरा, जननदर-मृत्युदर संयुक्त राष्ट्रांचे, मुलांचे मृत्यू आणि प्रजनन दर सर्व्हेचे. २०५० साठी पाच कोटींच्या आसपासचा जो अंदाज सगळीकडे फिरतो तो संयुक्त राष्ट्रांचा मधला अंदाज आहे, त्यांच्याच फाइलमध्ये कमी आणि जास्त असे आणखी दोन अंदाज दिलेले असतात, ग्राफवर तिन्ही रेषा काढा आणि २०२१ नंतरचा भाग तुटक रेषेने काढा.